एकेचाळिसावी रांग

“चाचा, बुडालेली होडी निरोप ऐकते कशी?”

नीरजा आंबर्डेकरनं हे विचारलं तेव्हा तिचा निम्माच आवाज बाहेर आला. 

ही गोष्ट खरी आहे. खाडीच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहून शपथ घेतो, अक्षर न् अक्षर खरं. सोनखडी बंदरात मच्छीमार सोसायटीची जी वरची खोली आहे, तिथं खिडकीखाली सुतळीच्या बंडलावर बसून मी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे... पाहिलं असं नाही. त्या दिवशी मी कुडाळला दाढ काढायला गेलो होतो. पण सुतळीचं बंडल खरं आहे. अजून तिथंच आहे, कुणीही जाऊन बघावं.

तर प्रश्न ऐकून शमशूचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर फाटकं जाळं होतं, हातात सुई होती. गाठ घट्ट केली, दोरा दातानं तोडला, आणि मग म्हणाले,

“कुठली होडी?”

“जलपरी.”

“ती तर अकरा वर्षांपूर्वी बुडाली.”

“तेच तर विचारतेय, चाचा!”

आता हे चाचा कोण, ते आधी सांगतो. शमशुद्दीन चाचा म्हणजे सोनखडीचे जुने तांडेल. तीस वर्षं त्यांनी होडी हाकली. गुडघे गेले तेव्हा सोसायटीनं त्यांना वरच्या खोलीत मशीनसमोर बसवलं, त्याला आता चौदा वर्षं झाली.

मशीनचं काम म्हणाल तर साधं. किनाऱ्यावर चार बंदरं, प्रत्येक बंदरात असं एकेक मशीन, आणि चारही एकमेकांना जोडलेली. होडीसाठी निरोप आला की मशीन तो तिच्या नावाच्या रांगेत उभा करतं. होडीचा वायरलेस सेट टप्प्यात आला आणि “काही आहे का?” म्हणून विचारलं, की आधी आलेला आधी, मागून आलेला मागून, असे सगळे देऊन टाकतं. होडी दुसऱ्या बंदराच्या टप्प्यात गेलेली असेल तर तिकडच्या मशीनकडे सरकवतं. इंजिनिअर लोक याला मेसेज ब्रोकर म्हणतात. गावात दलाल म्हणतात. त्यावरून लिलावातले खरे दलाल महिनाभर रुसून बसले होते.

अडचण एवढीच की होड्या होत्या दोनशे बारा, आणि रांगा झाल्या होत्या सातशे तेरा.

चौदा वर्षांत ज्याला जे सुचलं त्याची त्यानं रांग काढून ठेवली होती. शिमग्याची रांग. क्रिकेटच्या सामन्यांची रांग. ‘टेस्ट’, ‘टेस्ट दोन’, ‘खरी टेस्ट’. एका लग्नाच्या बँडवाल्यांसाठी काढलेली रांग, त्या नवरानवरीला आता दोन पोरं झाली होती. काढायचं सगळ्यांना सुचलं, मिटवायचं कुणालाच नाही. आणि मशीन बिचारं इमानी. दर मिनिटाला प्रत्येक रांगेसाठी शेजारच्या बंदराला विचारायचं, तुझ्याकडे याचं कुणी ऐकतंय का? सातशे तेरा वेळा विचारायचं, तेवढ्यांदा उत्तर द्यायचं. त्यात त्याला धाप लागली.

सप्टेंबरात वादळाचा इशारा आला तो होड्यांपर्यंत पोचायला अडतीस मिनिटं लागली. ‘गौरीशंकर’ची डोलकाठी मोडली, दोन खलाशी बरगड्या मोडून परत आले. परत आले, हेच नशीब.

म्हणून सोसायटीनं नीरजाला बोलावलं. पुण्याची डिग्री, बंगलोरला चार वर्षं नोकरी, चालताना टाचांचा आवाज असा की माणसानं आपोआप बाजूला व्हावं. अध्यक्षांनी एकच अट घातली. आठ दिवस चाचांच्या हाताखाली बसायचं, मग मशीनला हात लावायचा.

पहिल्या दिवशी तिनं सरळ विचारलं, “चाचा, तुम्ही मला काय शिकवणार?”

“काही नाही.”

“मग आठ दिवस मी करू काय?”

“चहा पी.”

एक दिवस तिनं चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं.

तिचा नियम देखणा होता, हे मान्य करायलाच हवं. जी रांग सात दिवस रिकामी आहे आणि जिच्यावर सात दिवसांत कुणी ऐकायला आलेलं नाही, ती बंद. बोट दाबलं आणि चारशे साठ रांगा एका दमात गेल्या. शिमगा गेला, बँड गेला, ‘खरी टेस्ट’सुद्धा गेली. मशीनचा पंखा जो चौदा वर्षं घरघरत होता, तो गप्प झाला. खोलीत इतकी शांतता पसरली की चाचांनी दचकून वर बघितलं.

“चौदा वर्षांचा कचरा, चाचा. दीड दिवसात.”

“हं,” चाचा म्हणाले.

“नुसतं हं?”

“हं.”

पण हिशेब जुळेना. दोनशे बारा होड्यांच्या रांगा राहायला हव्या होत्या. राहिल्या दोनशे त्रेपन्न. वरच्या एकेचाळीस रांगा जागच्या हलायला तयार नव्हत्या.

नीरजानं सोसायटीचं रजिस्टर मागवलं आणि एकेक नाव ताडून पाहिलं. ‘समुद्रराजा’, विकली, गुजरातला गेली. ‘शांतादुर्गा’, मोडीत काढली. ‘अल-बहर’, किनाऱ्यावर उलटी पडली आहे, तिच्या पोटात शेळ्या बांधतात. ‘जलपरी’, बुडाली. बुडाली म्हणजे दुपारी चार वाजता, शांत पाण्यात, बंदराच्या तोंडाशी, अख्ख्या गावादेखत बुडाली. खलाशी सगळे पोहत आले. तांडेल तर बाहेर येऊन चहा मागत होता.

एकेचाळीसच्या एकेचाळीस होड्या या जगातून उठलेल्या. आणि प्रत्येक रांगेपुढे मशीन दाखवत होतं,

ऐकणारे : १

नीरजानं चष्मा पुसला. परत पाहिलं. एकच. आणि जुनं काही नाही, आत्ता, या मिनिटाला. मिनिट उलटलं, परत बघितलं, तरी तेच. सात वाव पाण्याखाली, चिखलात रुतलेली जलपरी कान लावून बसली होती.

तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला, ज्यानं मी सुरुवात केली.

चाचांनी सुईत नवा दोरा ओवला.

“ऐकतंय कोण, ते विचारलंस का मशीनला?”

विचारलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला साधं काही सुचत नाही. तिनं विचारलं. उत्तर आलं : वेताळटोक.

वेताळटोक म्हणजे आमच्या उत्तरेचं बंदर, बाकीच्या तिन्हींतलं सगळ्यात जवळचं. तिथल्या मशीनवर दत्ताराम पाटील बसतो. नीरजानं फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“दत्ताराम, जलपरीच्या रांगेवर तुमच्याकडे कोण ऐकतंय?”

“कोण जलपरी?”

“ती... बुडालेली.”

“आई गं! ती ऐकते?”

“तुम्ही मशीनवर बघा आधी!”

खाटखाट आवाज आला. 

“मॅडम...”

“बोला.”

“ऐकणारा एक दाखवतंय, मॅडम. माझे हात थंड पडलेत.”

“कोण आहे तो?”

“तुम्हीच की... सोनखडी.”

नीरजा खुर्चीत मागे टेकली.

सोनखडी जलपरीची रांग जपून होती, कारण वेताळटोक ऐकत होतं. वेताळटोक ऐकत होतं, कारण सोनखडी ऐकत होती. अकरा वर्षं दोन मशीनं एकमेकांना विचारत होती, तुझ्याकडे कुणी ऐकतंय ना? आणि दोघंही उत्तर देत होती, हो, ऐकतंय. ऐकणारं म्हणजे पलीकडचंच. त्याच्या पलीकडे समुद्र.

तिनं मनात गुणाकार केला. दर मिनिटाला एकदा, अकरा वर्षं. अठ्ठावन्न लाख वेळा.

“अठ्ठावन्न लाख,” ती मोठ्यांदा म्हणाली. “आणि कुणाला पत्ता नाही?”

“हं.”

“आणि अशा एकेचाळीस!”

“हं.”

पण नीरजाच ती. धक्का ओसरायला तिला पाच मिनिटं लागली, सहावं मिनिट नाही. डोळे चमकले, खुर्ची पुढे ओढली. “सोपं आहे, चाचा. शेजारच्या मशीनला ऐकणारा म्हणून मोजायचंच नाही. फक्त सेट मोजायचे. एक ओळ लिहायची, सगळ्या एकेचाळीस एका फटक्यात बंद.”

लिहिलीसुद्धा. एका ओळीत बसली. कर्सर शेवटाला लुकलुकत होता. तिचं बोट त्या एका बटणावर.

“पोरी,” चाचा म्हणाले, “एक दोर धरशील का जरा?”

“आत्ता?”

“आत्ताच.”

तिला नकार देता आला नाही. चौदा वर्षं एका जागी बसलेली माणसं तशी कधी काही मागत नाहीत, आणि मागतात तेव्हा असंच अवेळी मागतात. चाचांनी कोपऱ्यातला जाडजूड काथ्याचा दोर उचलला, एक टोक तिच्या हातात दिलं, आणि दुसरं टोक घेऊन गुडघे सावरत, भिंतीला धरत खोलीबाहेर गेले. दार ओढून घेतलं. दोर दाराखालच्या फटीतून आत, चाचा बाहेर.

“ओढ!” बाहेरून आवाज.

तिनं ओढला.

“वजन लागतंय?”

“लागतंय.”

“मासा असेल?”

“चाचा, पलीकडे तुम्ही आहात!”

“मलापण वजन लागतंय,” दार म्हणालं. “मी म्हणतो, मासा आहे.”

तिनं पाय रोवले.

“माझे वडील आणि चुलते,” बाहेरून आवाज येत राहिला, “दोन होड्या, मधे एकच जाळं, अशी जोडीनं मासेमारी करायचे. एकदा सकाळपासून दुपारपर्यंत ओढत होते. वडील म्हणायचे, भरलंय, सोडू नको. चुलते म्हणायचे, भरलंय, सोडू नको. जाळ्याचं पोट पहाटेच फाटून गेलं होतं. दोन होड्या एकमेकींनाच ओढत होत्या.”

“मग?”

“मग काय... वजन तर होतंच ना.”

नीरजाच्या तळहातांना काथ्या टोचू लागला होता. चाचा म्हाताऱ्या माणसाच्या मानानं जोरात ओढत होते.

“आता काय करशील?” दारानं विचारलं.

“दोर कापीन.”

“कुठे?”

“मधे!”

“मधे काय आहे, दिसतंय तुला?”

मधे दार होतं. बंद. तिनं दोर आणखी जोरात ओढला.

आणि चाचांनी सोडून दिला.

नीरजा मागच्या मागे उडाली ती सुतळीच्या बंडलावर. चष्मा एकीकडे, दोर अंगावर, टाचांच्या चपला छताकडे. खाली ऑफिसातून कारकून ओरडला, “काय पडलं?”

दार उघडून चाचा आत आले. तिला उठायला हात दिला नाही. आपल्या जागी बसले, मांडीवर जाळं घेतलं.

नीरजा तशीच बसून राहिली. हातातला दोर बघत. तो आता इतका सैल होता की त्याला दुसरं टोक आहे यावर विश्वास बसू नये.

बऱ्याच वेळानं ती उठली. लिहिलेली ओळ तशीच ठेवली, बाजूला सारली. दत्तारामला पुन्हा फोन लावला.

“दत्ताराम, जलपरीपुरतं मी सोनखडीकडून सोडते. काही विचारणार नाही, काही पाठवणार नाही. तुमच्याकडे काय होतं ते फक्त सांगा. तुम्ही कशाला हात लावू नका.”

“लावतोय कशाला, मॅडम. मी खुर्चीवर पाय घेऊन बसलोय.”

तिनं सोडलं.

एक मिनिट.

“अजून एकच आहे, मॅडम.”

आणखी अर्धं.

“शून्य! शून्य झालं! थांबा... गेली. रांग गेली हो, आपली आपण गेली!”

तिकडून कुणी विचारेना, तसं इकडचंही ऐकणारं शून्य झालं. सोनखडीच्या पडद्यावरून नाव पुसलं गेलं. जलपरी अकरा वर्षांनी बुडाली.

तिथून पुढे एकेक. आधी सोडायचं, मग थांबायचं. पलीकडे शून्य झालं तरच पुढची. समुद्रराजा गेली. शांतादुर्गा गेली. अल-बहर गेली, शेळ्यांना कळलंही नाही. एका रांगेला तीन मिनिटं, चार मिनिटं. दुपारचं जेवण राहून गेलं. चार वेळा चहा झाला, आणि चारही वेळा नीरजानं न सांगता प्यायला.

पावणेचारला चाळीस संपल्या. उरली एक.

‘रेवती’.

“ही तर मीच सांगते,” नीरजा हसून म्हणाली. “रजिस्टरमधे आहे. तीन वर्षांपूर्वी मोडीत. लाकूड सरपणाला.”

“अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाचं जेवण झालं तिच्यावर,” फोनमधून दत्ताराम म्हणाला. “मी जेवलो ना. मटण चांगलं शिजलं होतं.”

 चाचांची सुई मात्र थांबली.

नीरजानं सोडलं.

एक मिनिट. दोन. तीन.

“शून्य?”

“एक.”

“थोडं थांबू.”

चार. पाच.

“आता?”

“एकच, मॅडम.”

“अजून सोनखडीच दाखवतंय? मी तर सोडलंय.”

“नाही...” दत्तारामचा आवाज एकदम लहान झाला. “सोनखडी नाही हो. सेट आहे. मॅडम, खरा सेट आहे! दर वीस सेकंदांनी येतोय. काही आहे का... काही आहे का... काही आहे का...”

“कुठून?”

“टोकाच्या पश्चिमेकडून.”

“पश्चिमेला काय आहे?”

“समुद्र.”

 जिच्या फळ्या जळल्या, जिच्या जाळावर लोक जेवले, हात धुऊन घरी गेले, ती होडी पाण्यात होती. आणि विचारत होती.

“चाचा...”

तेवढ्यात मशीन वाजलं. वेधशाळेचा निरोप, जो सोनखडीतच येतो आणि इथूनच पुढे वाटला जातो. पश्चिमेकडून वारा, ताशी साठ ते सत्तर किलोमीटर, संध्याकाळपूर्वी. सर्व होड्यांनी तत्काळ किनारा गाठावा.

मशीननं निरोप उचलला आणि एकेका रांगेत टाकत गेलं. दोनशे बारा रांगांना चार सेकंद लागले. सप्टेंबरातली अडतीस मिनिटं, आज चार सेकंद. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नीरजानं टेबलावर उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

पडद्यावर सगळ्यात खाली एक ओळ राहिली.

रेवती : निरोप १. ऐकणारे : ०.

निरोप सोनखडीत उभा होता. ऐकणारा वेताळटोकाच्या पलीकडे होता. आणि दोघांच्या मधला दोर नीरजानंच सोडला होता.

“धर!”

चाचा ओरडले. चौदा वर्षांत त्या खोलीत त्यांनी आवाज चढवला नव्हता. खाली ऑफिसात टायपिंग थांबलं.

“धर, पोरी! परत धर!”

तिची बोटं घसरली. एकदा चुकीचं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. दाबलं.

रेवती : निरोप १. ऐकणारे : १.

मग, निरोप ०.

“आला माझ्याकडे,” दत्ताराम म्हणाला. “इथं उभा आहे. सेट विचारेल आता... वीस सेकंद असतात...”

खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या एका बाजूला वळायला लागल्या होत्या.

“दत्ताराम?”

“थांबा...”

“दत्ताराम!”

“नेला! नेला मॅडम, सेटनं निरोप नेला!”

नीरजानं टेबलाची कड धरली. सरळ होताना तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं सकाळची ती ओळ अजून होती. पूर्ण लिहिलेली, देखणी. शेजाऱ्याला ऐकणारा म्हणून मोजू नये. एकेचाळीस रांगा, एका फटक्यात. कर्सर लुकलुकत होता, एका बोटाची वाट बघत.

तिनं बोट कीबोर्डवरून मागे घेतलं.

“चाचा... मी हे दाबणार होते.”

“हं.”

“म्हणजे आज...”

“हं.”

तिनं ती ओळ एकदम पुसली नाही. मागून पुढे, एकेक अक्षर, हळूहळू पुसली.

“तुम्हाला ठाऊक होतं? रेवतीवर कुणीतरी आहे हे?”

चाचा खिडकीतून समुद्राकडे बघत राहिले. छत्री शोधली, सापडली नाही. मग म्हणाले, “जेटीवर जाऊ.”

वारा सुटला तेव्हा जेटीवर अख्खं गाव होतं. होड्या येत होत्या, माणसं मोजत होती. गौरीशंकर आली, नव्या डोलकाठीसकट. दिवस मावळायच्या आत बाहेर गेलेली प्रत्येक होडी आत आली. अध्यक्षांनी रजिस्टर छातीशी धरून शेवटच्या नावावर खूण केली आणि म्हणाले, “झाल्या. सगळ्या आल्या.”

नीरजा हलली नाही. चाचाही नाही.

आणि मग लाटेच्या मागून ती आली. आकारानं दोन छोटे पडाव एकावर एक ठेवल्यागत. रंग नाही, नंबर नाही, नाव नाही. सात माणसं, त्यातली चार डब्यांनी पाणी उपसताहेत. आणि मधल्या फळीवर काथ्यानं करकचून बांधलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, सोसायटीचा वायरलेस सेट. त्यावर पांढऱ्या रंगात अजून अक्षरं होती. रे-व-ती.

अध्यक्षांचा चेहरा पावसाळ्यातल्या आभाळासारखा होत गेला.

“ही कुणाची होडी? परवाना कुठाय? सोसायटीत नाव काय हिचं?”

ते सात जण एकमेकांकडे बघायला लागले.

“रेवती,” नीरजा म्हणाली.

“काय?”

“रेवती, साहेब.”

“अहो मॅडम, रेवतीवर माझ्या मुलीच्या लग्नाचं जेवण...”

“यादीत आहे, साहेब. आजच तपासली मी. ऐकणारे, सात.”

अध्यक्षांनी तोंड उघडलं. त्यात पावसाचा पहिला सपकारा गेला, तसं मिटलं.

आता मला एक कबूल करायला हवं. दाढेचं मी बनवून सांगितलं. पाहिजे तर तोंड उघडून दाखवतो, बत्तीसच्या बत्तीस आहेत. कुडाळला मी गेलोच नव्हतो. त्या होडीत डाव्या बाजूला डब्यानं पाणी उपसणारा चौथा माणूस होता, तो मी. खोलीतलं जे सांगितलं ते नीरजाकडून, दत्तारामकडून आणि खालच्या कारकुनाकडून गोळा केलेलं आहे. त्यात टाचांच्या चपला छताकडे उडाल्या, तेवढं पदरचं. आमच्या होडीचे कागद तीन वर्षं होत नव्हते. रेवती मोडताना तिचा सेट आम्हीच काढून नेला. तो मोजून परत घ्यायचं काम चाचांचं होतं, आणि आम्ही त्याचे स्क्रू काढत होतो तेव्हा ते पाठ करून समुद्राकडे बघत होते. चांगला अर्धा तास.

पण शेवटचं मात्र मी स्वतः ऐकलं, भिजलेल्या कानांनी, जेटीपासून दोन हातांवर उभं राहून.

मी दोर फेकला. चाचांनी झेलला, खुंट्याला एक वेढा दिला. नीरजा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. नखशिखान्त भिजलेली, चष्म्यातून काही दिसत नव्हतं तिला.

“चाचा, वर्षभरात परत रांगा साचतील. कुठली लागते, कुठली लागत नाही... मी ओळखायचं कसं?”

लाट आली. होडी मागे ओढली गेली, दोर ताणला. चाचांनी तो ढिला सोडला, सोडला, बोटांतून सरकू दिला. लाट उतरली. दोर अजून त्यांच्या पंजात होता.

“दोर सोडत जा, पोरी...” चाचा म्हणाले. “हात तिथंच ठेव.”